गुरुवारचा पेशंट
रुमालाने गाल दाबून धरत ती दवाखान्याच्या खुर्चीत आडवी झाली. हात धुऊन डॉक्टर वळले. ते तिचे गुरुवारचे पेशंट होते.

ती मानसोपचार करायची. पाच महिने दर गुरुवारी हे गृहस्थ तिच्यासमोर येऊन बसत होते. ते दातांचे डॉक्टर आहेत हे तिला ठाऊक होतं, पण दवाखाना कुठे आहे हे तिने कधी विचारलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी उघडा असणारा हा एकच, असं शेजाऱ्यांनी सांगितलं आणि नवऱ्याने तिला गाडीत घालून आणलं. पाटी वाचायला तिचे डोळे उघडे होते कुठे!

डॉक्टरांचं दुखणं एकच होतं. त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नसे. साडूचे दात, साडूच्या शेजाऱ्याचे दात, ऐन जेवणाच्या वेळी, सुट्टीच्या दिवशी, सगळ्याला हो. भीड भिकेची बहीण म्हणतात. यांच्याकडे ही बहीण कायमची मुक्कामाला होती. बायको वैतागून माहेरी गेली, तेव्हा कुठे ते उपचाराला आले. आठवड्यातून एकदा तरी कुणाला नाही म्हणा, असं ती त्यांना सांगून थकली होती.

"जमत नाही हो मॅडम," गेल्याच गुरुवारी ते म्हणाले होते. "समोरच्याचा चेहरा पडतो."

आता समोर तिचाच चेहरा होता, तोही सुजलेला.

खरं तर तिने तेव्हाच उठायला हवं होतं. पेशंटकडून काही घ्यायचं नाही, ना भेट ना उपकार, हे ती हाताखालच्या नव्या लोकांना शिकवायची. पण दाढेने दोन दिवस जीव नकोसा केला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ती पडून राहिली.

"कुठली दाढ?" डॉक्टरांनी सवयीने विचारलं.

"खालची. उजवी."

त्यांनी छोटा आरसा उचलला, क्षणभर हातात धरला आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवला.

"मॅडम, तुमची दाढ मी नाही बघणार."

"फार दुखतंय हो," ती बोलून गेली, आणि लाजेने तिचे कान तापले. साडूचा शेजारी अगदी याच सुरात म्हणत असणार. आता हे विरघळले, तर पाच महिन्यांची मेहनत पाण्यात, आणि तीही आपल्याच हाताने. डॉक्टर खाली फरशीकडे बघत होते.

"दुखतंय ते दिसतंय मला," ते शेवटी म्हणाले. "तरी नाही. गुरुवारी मला तुमच्यासमोर बसून बायकोबद्दल बोलायचं असतं. तुमची दाढ काढली, तर मी तिथे तुमची चौकशी करत बसेन." त्यांनी फोन उचलला. "पुढच्या चौकात माझी वर्गमैत्रीण आहे. तिला दवाखाना उघडायला सांगतो. हात हलका आहे तिचा."

"चालेल," ती म्हणाली. इतकं सुटल्यासारखं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ठणका मात्र तसाच होता.

बाहेर नवरा मासिक टाकून उठला.

"झालं? इतक्यात?"

"नाही म्हणाले. दुसरीकडे पाठवलंय."

"नाही म्हणाले? सुट्टीच्या दिवशी दार उघडं ठेवून पेशंटला नाही म्हणतो? कसला हा डॉक्टर!"

ती काहीच सांगू शकत नव्हती. डॉक्टर आपल्याकडे येतात, हेसुद्धा नाही. ती नुसती हसली, त्यासरशी कळ थेट कानापर्यंत गेली, तरी हसू थांबेना.

"तोंडावर नाही म्हणाला आणि तू हसतेस?"

"तोंडावर," ती म्हणाली. शाळेत पोराचा पहिला नंबर आल्याचं सांगावं, तसा तिचा आवाज होता.