गच्चीवरचं गरम पाणी

लंकाबाईंनी दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी तीन दगड मांडले, त्यांवर पातेलं चढवलं आणि काडी ओढली. जाळ धरतो न धरतो तोच सिस्टर वैजयंती धावत आल्या आणि पातेल्यातलं पाणी त्यांनी सरळ जाळावर ओतलं.

"मावशी, आवारात चूल पेटवायची नाही. काल सांगितलं होतं ना?"

"मंग माझी बाळंतीण गार पाण्यानं न्हाणार व्हय?"

"गार कशाला? नळाला गरम पाणी आहे की!"

नळाचं गरम पाणी म्हणजे गच्चीवरच्या सौर बंबाचं. सरकारी इमारतींवर उन्हानंच पाणी तापवायचं, लाकडं जाळायची नाहीत, असं वरून ठरलं आणि डोंगराखालच्या या छोट्या दवाखान्याच्या डोक्यावरही काळ्या नळ्या आणि पांढरी टाकी येऊन बसली. तेव्हापासून ऐन जानेवारीत तोटी फिरवली की वाफाळतं पाणी. सगळे खूश होते. डोंगरावरच्या आहुप्याहून सुनेला घेऊन उतरलेल्या लंकाबाई तेवढ्या नव्हत्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. इतक्या सकाळी ऊन कुठलं? म्हणजे हे पाणी काल तापलं आणि रातभर टाकीत पडून राहिलं. त्यांच्या घरी कालचं पाणी सकाळी झाडाला जातं. ताजं पाणी, ताजा जाळ, त्यात निरगुडीचा पाला, आणि मग बाळंतिणीची अंघोळ.

"शिळं हाय ते," लंकाबाई म्हणाल्या. "शिळी भाकर खाईल मानूस, पर बाळंतिणीला शिळं पाणी आमी घालत न्हाई."

पाणी चांगलं होतं हे वैजयंतीबाईंना ठाऊक होतं, पण ते कालचं होतं हेही खरंच होतं.

गाडं अडलं होतं ते निराळ्याच जागी. सून आरती हिच्या अंगात मुळात रक्त कमी, त्यात बाळंतपणात आणखी गेलेलं. इंजेक्शनांसाठी तिला शनिवारपर्यंत ठेवायचं होतं. तिचा पांढराफटक चेहरा पाहून लंकाबाईंचाही जीव तुटत होता. पण घरी त्यांच्या सासूबाई, ठकूबाई, पाला खुडून बसल्या होत्या. 'तिथं जाळ नसंल तर पोरीला घरी आणा,' असा म्हातारीचा निरोप होता, आणि तिचा शब्द लंकाबाईंनी आजवर मोडला नव्हता.

आरतीचा नवरा गोरख तिला न्यायला भाड्याची जीप घेऊन आला. हातात गाठोडं घेऊन तो आईच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"मावशी, असं करा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आधी तुम्ही न्हाऊन बघा. पाणी बाधलं तर मी स्वतः हिला जीपमध्ये बसवून देते."

"मला काय बाधायचंय!" म्हणत लंकाबाई तोऱ्यातच न्हाणीघरात शिरल्या.

बादली भरली. पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि त्या तशाच बसून राहिल्या. पाठीचे सगळे सांधे एकदम सैल झाले. बादली संपली, तोटी फिरवली, तर पुन्हा गरमच. ना लाकडं आणली होती, ना कुणी मागून हाक मारत होतं.

घरी आधी पुरुषमाणसं न्हायची, मग पोरं, मग सून. त्यानंतर लंकाबाई, आणि त्यांच्याही मागून ठकूबाई. तोवर हंड्यात कोमट म्हणावं इतकंही उरत नसे. 'म्हातारीला काय करायचंय,' असं ती स्वतःच म्हणायची आणि गार पाणी अंगावर घ्यायची. त्या घरात बाईला पहिलं गरम पाणी मिळायचं ते फक्त बाळंतपणात. म्हातारी त्याच पाण्यासाठी हटून बसली होती, हे लंकाबाईंना तिथं पाटावर बसल्या बसल्या उमगलं आणि त्यांना भरून आलं. डोळ्यांतलं आणि डोक्यावरचं पाणी एकच झालं, ते बरंच झालं.

त्या बाहेर आल्या तेव्हा दारात वैजयंतीबाई आणि गोरख उभे होते.

"काय मावशी, बाधलं का?"

"शिळंच हाय," लंकाबाई म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "घाला तिला. लई घाला."

आरती खाटेवर पडल्या पडल्या हसली. गोरखनं गाठोडं खाली ठेवलं.

"म्हंजी जीप सोडून देऊ?"

"सोडू नगंस. वर जा आन तुज्या आजीला घिऊन ये. नाय म्हनली तर पणतूला बघायला चल म्हनावं."

वैजयंतीबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, हे पाणी पेशंटसाठी आहे. आजींना काय होतंय? केसपेपरवर मी लिहू काय?"

लंकाबाईंनी ओले केस पिळले आणि झटकले.

"थंडी वाजती, आसं लिवा," त्या म्हणाल्या. "मी नांदाया आले तवापास्नं वाजती तिला."