इस्त्रीखालचा हात

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती; पण कुणी आवंढा गिळला असता तर तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला असता, अशी शांतता होती. समोर पांढरी चादर अंथरलेले टेबल, त्यावर दोन मेणबत्त्या, आणि त्यांच्या मधोमध, एखादी पवित्र वस्तू मांडावी तशी मांडलेली विजेची इस्त्री. तिचा लाल दिवा विझायची सगळे वाट पाहत होते.

दिवा विझला. ब्रदरने एक कोरे पांढरे फडके उंच धरले, दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवले आणि टेबलावर पसरले.

"त्या जगातला विस्तव या जगातल्या विस्तवातूनच दिसतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मी कोण? मी कुणी नाही. मी आत्म्यांचा पोस्टमन. पत्र फोडायचा मला हक्क नाही, मी फक्त दार वाजवतो."

या एका वाक्यावरून गाव त्याला टपाल-ब्रदर म्हणू लागले होते. तो कुठून आला, कोणत्या चर्चने त्याला पाठवले, हे विचारायचे कुणाला सुचले नव्हते. पोस्टमनला कोण विचारतो?

इस्त्री एकदा सरकली. दुसऱ्यांदा ती रेंगाळली. करपल्याचा वास सुटला, आणि कोऱ्या कापडाच्या पोटातून आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळपट असा एक हात वर आला. इवलासा. पाचही बोटे पसरलेला. दार ठोठावणाऱ्याचा असतो तसा.

तिसऱ्या रांगेतली लाँड्रीवाली बाकावरून अर्धवट उठली. फडके तिचे होते, ब्रदरने चार दिवसांपूर्वी मागून नेलेले. मागल्या वर्षी बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी झबले शिवले, त्यातले उरलेले कापड. झबले कुणी ल्याले नाही. बाळ जन्मले ते निःशब्द. कपाळाला पाणी लागायच्या आतच सारे आटोपले होते.

अशा लेकरांचे काय होते, हे तिच्या सासूने आपल्या आजीकडून ऐकले होते. बाप्तिस्मा नाही म्हणून स्वर्ग नाही, पाप नाही म्हणून नरक नाही. मधल्या वेशीवर, जुने लोक जिला लिंबो म्हणत त्या जागी, ती कायमची थांबतात. वर्षभर हा विचार घरात एखाद्या बंद खोलीसारखा होता. सगळ्यांना ठाऊक, कुणी दार उघडत नव्हते. टपाल-ब्रदरने ते उघडले आणि आत आग लावून दिली.

"भगिनी," तो तिच्यापुढे येऊन म्हणाला, "लेकरू उंबरठ्यावर उभं आहे. पोळतंय. एकटं आहे, सोबत मागतंय."

आणि त्याने तिच्या पोटाकडे पाहिले. तिला सातवा महिना होता.

उपाय त्याने तिथेच सांगितला. बाळंत होईपर्यंत दिवस मावळल्यावर एकदा कोरडा पाव आणि पाणी. डॉक्टरच्या गोळ्या बंद, कारण जिथे औषध बोलते तिथे आत्मा गप्प बसतो. हातातल्या बांगड्या वेदीला. आणि दुसरे एक फडके आणून द्यायचे. ते तो मंतरून परत करील, उशाखाली ठेवायचे, पुढच्या रविवारी सर्वांसमोर त्यावर इस्त्री फिरवायची. थोरले धाकट्याला सोडते की नेते, ते त्यात उमटेल. आपले बाळ इतके लहान होते, मग हात एवढा मोठा कसा, असे तिने विचारले, तेव्हा तो म्हणाला, तिथेही मुलं वाढतात.

त्या दिवसापासून लाँड्रीत वेगळेच जळू लागले. ज्या बाईच्या हातचा शर्ट घालून माणसे मुलाखतींना जात, तिच्या हातून कॉलर करपू लागली. पाणी शिंपडून गुंडाळलेले कपडे ओट्यावर तसेच पडून राहत. कोरी चादर पसरली की ती आधी तिच्यावरून तळवा फिरवून पाही. या शुभ्रतेखाली कोण आहे? कुणाच्या तळहातावरून आपण हे तापलेले लोखंड फिरवतो आहोत? ती इस्त्री उचलून धरी आणि तशीच उभी राही, खिडकीच्या काचेवर वाफ धरेपर्यंत. रात्री कुशीवर वळताना पोटातल्याने लाथ मारली की तिला वाटे, आतून कुणी दार वाजवते आहे. आणि लाथ मारली नाही की त्याहून भयंकर वाटे.

नवरा मधल्या मध्ये लटकला होता. देवाधर्माच्या गोष्टीत आपण काय बोलणार, म्हणत तो कपड्यांचे गठ्ठे बांधत राही.

नणंद सुट्टीला आली ती या घरात. ती दूरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवी. सासू लाडाने आणि थोड्या टोमण्याने तिला मास्तरीणबाई म्हणे. वहिनीचे खोल गेलेले डोळे पाहून तिने आधी ताट वाढले. वहिनीने ताटाला हात लावला नाही.

"उपास आहे तिचा," सासू म्हणाली.

"तिचा असेल. पोटातल्याला कुणी विचारलं?"

तेवढ्यात चर्चचे फादर आपले झगे न्यायला आले. थकलेला, मिस्कील माणूस. धुलाईला टाकलेल्या झग्याच्या खिशात दर वेळी पेपरमिंटच्या गोळ्या विसरणारा. सगळे ऐकून त्यांनी स्टूल ओढून घेतले. मग त्यांनी सांगितले, की लिंबो हा जुन्या पंडितांचा एक तर्क होता, श्रद्धेचे कलम तो कधीच नव्हता. पाणी पोचण्याआधी गेलेली लेकरे चर्च देवाच्या दयेवर सोपवते, आणि देवाची दया आपल्या घागरीने मोजायची नसते.

"आणि आजी," ते सासूकडे वळले, "त्या पंडितांनीसुद्धा लिंबोत आग ठेवली नव्हती. आग शुद्धिस्थानातली, जिथे पापी आत्मे स्वर्गाआधी शुद्ध होतात. या माणसाने दोन गावांचे पत्ते एकाच पाकिटावर लिहिलेत. कसला पोस्टमन हा?"

सासूला हसू आले आणि तिने ते पदराआड लपवले. लाँड्रीवाली मात्र हसली नाही. फादरांचे शब्द तिला गोड लागले, जसे आजाऱ्याला पाणी लागते. पण हात तिने डोळ्यांनी पाहिला होता. शब्दांनी तो पुसला जात नव्हता.

"दुसरं फडकं कुठे आहे?" नणंदेने विचारले.

ते उशाखालून आले. कोरे, किंचित ताठ. नणंदेने ते खिडकीशी धरले, बोटांत चोळले, जिभेला लावून पाहिले आणि तोंड वाकडे केले.

"पहिला हात मधोमध होता ना? मग हेही मधोमध कापू. एक अर्धं नळाखाली धुऊन घेऊ, दुसरं तसंच ठेवू. मग दोन्हींवर इस्त्री."

"कापू नका, वन्सं." लाँड्रीवाली इतक्या हळू बोलली की वाफेच्या फुसफुसण्यात ते हरवले असते. "बोटं आहेत त्यात."

 सासूने छातीवर क्रूसाची खूण केली. नणंदेच्या चेहऱ्यावरचा शाळेचा आविर्भाव एकदम उतरला. ती वहिनीजवळ येऊन बसली.

"मग कात्री तूच धर," ती म्हणाली. "जिथे भीती वाटेल तिथे थांब. मी घाई करणार नाही. पण वहिनी, बाळाचं दुःख खोटं असतं, तर ते कापडाबरोबर फाटलं असतं. ते खरं आहे, म्हणून ते सुटणार नाही. सुटेल तर त्या माणसाची पकड सुटेल."

कात्रीची पाती कापडात शिरली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. प्रत्येक चावा तिला आपल्या मनगटात जाणवला. वाटेत ती दोनदा थांबली. कापडातून काही वाहिले नाही. कुणी रडले नाही. दोन तुकडे हातात आले. कडेचे सुटलेले धागे तेवढे थरथरत होते, आणि ते तिच्याच श्वासाने.

एक तुकडा नळाखाली खळखळून धुतला. मग पिळून, झटकून इस्त्रीखाली. वाफ उठली, विरली. कापड वाळले, तापले, कडक झाले आणि कोरेच राहिले.

दुसरा तुकडा न धुता. लोखंड टेकते न टेकते तोच ओळखीचा वास आला. पिवळा, तपकिरी, काळा. दोन बोटे, अर्धे कापलेले तिसरे आणि अर्धा तळवा, कात्रीच्या रेषेवर नीट संपलेला.

लाँड्रीवाली त्या अर्ध्या हाताकडे बघत राहिली. मग धुतलेल्या तुकड्याकडे. आपल्या नळाचे पाणी, आपली मोरी. स्वर्ग-नरकाच्या वेशीवरचा निरोप एका खळखळण्यात मोरीतून वाहून गेला होता.

"नवसागर," नणंद म्हणाली. "कल्हईवाले वापरतात तो. पाण्यात विरघळवून कापडाला लावला की वाळल्यावर काही दिसत नाही. तापला की त्यातून आम्ल सुटतं आणि तेवढंच कापड आधी करपतं. शाळेत मुलं याने एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात."

"पण हात?" सासूने विचारले. "हात कुणा लेकराचाच आहे ना गं?"

याचे उत्तर लाँड्रीवालीनेच दिले. तिने कपाटातून पहिले फडके काढले, अर्धा हात त्यावर ठेवला आणि खिडकीच्या काचेवर धरला. एकावर एक, तंतोतंत. पहिल्या हाताची मधली दोन बोटे टोकाशी चिकटलेली होती. विस्तवाने वितळली असतील, असे समजून ती रात्ररात्र जागली होती. अर्ध्या हाताचे कापलेले बोटही तसेच शेजारच्याकडे झुकलेले होते. असा हात तिने पाहिला होता. प्रत्येक खेळण्यांच्या दुकानात, प्रत्येक रबरी बाहुलीला.

रविवारी ती तेच दोन तुकडे घेऊन सभागृहात गेली.  नणंद एका बाजूला, फादर दुसऱ्या. ब्रदरने फडके मागितले तेव्हा ती लोकांकडे वळली. याआधीच्या रविवारी ज्यांच्या फडक्यांवर असे हात उमटले त्यांनी ती पुढे आणावीत, एवढेच ती म्हणाली.

बेकरीवाल्याची म्हातारी आई उठली; तिचे लेकरू नवरा हयात असतानाचे. मग एक तरुण नर्स. तिचे या उन्हाळ्यातले. फडकी एकावर एक आली आणि नणंदेने त्यांच्यामागे दिवा धरला. सगळ्या मेलेल्या मुलांचा मिळून एकच हात होता. दोन चिकटलेल्या बोटांचा.

ब्रदरने हातातली माळ सावरली. "तिथे सगळी निष्पाप लेकरं सारखीच, भगिनी. तिथे वाढ होत नाही."

"गेल्या आठवड्यात मी विचारलं होतं, माझं बाळ इतकं लहान होतं, मग हात एवढा मोठा कसा," लाँड्रीवाली म्हणाली.  "तुम्ही म्हणालात, तिथेही मुलं वाढतात. वाढत असतील तर या आजींचा मुलगा आज बाप्या झाला असता. एक काय ते ठरवा."

मागून कुणीतरी म्हणाले, पोस्टमनसाहेब, पत्ता चुकला. हसण्याची एक लाट उठली आणि तिच्या आडून तो खिडकीकडच्या दाराने सटकू लागला. नवऱ्याने, जो आजवर गठ्ठेच बांधत होता, दार अडवले. बांगड्या त्याच्या पेटीत सापडल्या, आणि त्यांच्याखाली चिंधीत गुंडाळलेला, मनगटापासून कापलेला बाहुलीचा हात.

बेकरीवाल्याची आई ते बघून हसली नाही. ती खाली बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्या मुलाबद्दल बोलू लागली.

संध्याकाळी लाँड्रीवाली पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली, आणि डॉक्टरने यंत्र पोटावर टेकवून आतले ठोके तिला ऐकवले. ते दार वाजवत नव्हते. ते फक्त चालू होते.

मरणानंतर काय, हे तिला आजही ठाऊक नाही. फादरांची आशा तिने ठेवली आहे, नणंदेचा नळही. तुम्हीही दोन्ही ठेवा, हवे तर. पण कुणी तुमच्या दुःखातून एखादा चमत्कार काढून दाखवला, तर घाबरण्याआधी ते फडके एकदा पाण्याखाली धरा. भीती ज्याच्या कामाची असते, तो ती कधीच धुऊ देत नाही.

आता ती पुन्हा इस्त्री करते. नव्या बाळाचे झबले ओट्यावर पसरते, पाणी शिंपडते, लोखंड फिरवते. खाली काहीच उमटत नाही. तिच्या पहिल्या बाळाचा हात कसा होता हे तिला नीट आठवते: तिळाएवढी नखे, मिटलेली मूठ, आणि आत कुणाला न दाखवता धरून ठेवलेला एक इवलासा अंधार. ती मूठ तिने एकदाच, एका बोटापुरती उघडून पाहिली होती.