न तपासलेला काटा

मित्रांनो, रद्दीवाल्याच्या पोत्यातून डोकावणारी एक लोखंडी नळी तुम्ही पाहिली असेल. तिच्या वरच्या टोकाला कडी असते आणि खालच्या टोकाला आकडा. ती नळी म्हणजे मी. मी एक जुना स्प्रिंगचा काटा आहे. कडीत बोट घालून उचललं आणि आकड्याला गठ्ठा लटकवला, की माझ्या पोटातली स्प्रिंग ताणली जाते आणि पट्टीवरची खूण खाली सरकते. ती थांबेल ते वजन. बोलायचं नाही आणि चुकायचं नाही, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे मला खऱ्या वजनांशी ताडून पाहिलं आणि सरकारी माणसाने माझ्या पाठीवर शिक्का मारला. तो शिक्का म्हणजे माझं सगळं भाग्य! त्याच शिक्क्याकडे बघून एका तरुण रद्दीवाल्याने मला विकत घेतलं. तेच माझे मालक. त्यांची लेक चिंगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून माझेही ते बाबाच झाले.

रद्दीच्या धंद्यात काटा मारणारे पुष्कळ असतात. कुणी गठ्ठ्याखाली हळूच गुडघा लावतं, कुणी खूण स्थिर होण्याआधीच आकडा बोलून मोकळं होतं. बाबांची रीत वेगळी होती. ते माझं तोंड गिऱ्हाइकाकडे फिरवायचे आणि म्हणायचे, "तुम्हीच वाचा." असं म्हटलं की माझी छाती अभिमानाने फुगायची. नळीला छाती नसते, हे मला ठाऊक आहे, पण फुगायची.

रद्दीत कधीकधी परदेशी मासिकं यायची. त्यांतली जुन्या शहरांची चित्रं बाबा कापून गोदामाच्या पत्र्यावर चिकटवत. नावं वाचता येत नसत, म्हणून त्यांनी स्वतःच बारसं केलं होतं. एक पुलांचं शहर, एक मोठ्या घड्याळाचं, एक तटबंदीचं. चिंगी लहानपणी जेवायला कुरकुर करायची, तेव्हा तिला एकेक घास एकेका शहराच्या नावाने भरवला जाई. पुढे तिची आई गेली. चिंगी मोठी झाली आणि दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसू लागली. एक दिवस ती त्या पत्र्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, चित्रं फार झाली. आता जाऊ या."

"कुठे? मासिकात?" बाबांनी विचारलं.

पण चिंगी गंमत करत नव्हती. तिने शहरांची खरी नावं शोधून काढली, आणि पत्र्यावरची चित्रं उतरवून गोदामाच्या फरशीवर मांडून बेत सुरू झाला. दोघांनीही कधी देशाची वेस ओलांडली नव्हती, आणि अंथरूण पाहूनच पाय पसरायचे होते. बाबांना आधी घड्याळ पाहायचं होतं, पण स्वस्त विमान तटबंदीच्या शहरात उतरत होतं, म्हणून तटबंदी पहिली आली. पुढचा प्रवास बसचा होता आणि झोपही बसमध्येच घ्यायची होती, म्हणजे खोलीचं भाडं वाचेल. मुक्काम सहा खाटांच्या खोलीत ठरला. बाकी सगळीकडे पायांची गाडी. विमानात मात्र माणशी सात किलोंची एकच पिशवी चालणार होती. "सात किलो?" बाबा म्हणाले. "एवढा तर माझा सकाळचा पहिला गठ्ठा असतो." आणि दोघं खो खो हसली. त्या दिवसांत मी गोदामाच्या खिळ्यावर लटकून ते हसणं ऐकत असे. अजून आठवतं.

मग एका घरच्या जाडजूड पुस्तकांनी माझी स्प्रिंग तुटली. बाबा तापाने पडले होते, म्हणून चिंगी मला दुरुस्तीला घेऊन निघाली. वजनमापाच्या कार्यालयात जायचं तर दुरुस्ती वेगळी, तपासणी वेगळी, शिक्का वेगळा, आणि दवाखान्यातून सुट्टी घ्यायची ती वेगळीच. ती सुट्टी चिंगीने प्रवासासाठी जपून ठेवली होती. म्हणून ती मला कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याकडे घेऊन गेली. त्याने डब्यातून एक स्प्रिंग शोधून माझ्या पोटात बसवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "ही जरा कडक आहे हं. ताडून बघा आणि शिक्का मारून घ्या."

"हो हो," चिंगी म्हणाली आणि मला सरळ घरी घेऊन आली.

बाबांनी अंथरुणातूनच विचारलं, "शिक्का मारून घेतलास ना?"

"घेतला."

माझ्या पाठीवर जुना शिक्का होताच. त्यावरचं साल उलटून पाहणार कोण?

मित्रांनो, कडक स्प्रिंग कमी ताणली जाते. आठ किलो लटकवले तर मी सात दाखवू लागलो. मला ते कळत होतं, पण मला तोंड असलं तरी वाचा नाही. बाबा पूर्वीसारखंच माझं तोंड लोकांकडे फिरवत आणि "तुम्हीच वाचा" म्हणत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांनी मला एकदा जरी लपवलं असतं, तर बरं वाटलं असतं.

आमच्या शेजारच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. महिन्याचे पेपर सुतळीने बांधून त्या दारात आमची वाट बघतात. त्यांनी चष्मा पुसून मला वाचलं आणि म्हणाल्या, "एवढेच भरले? मला जास्त वाटले होते."

"कागद सुकला की हलका होतो, आजी," बाबा म्हणाले. ते मनापासून बोलत होते. सुट्टीचा दिवस होता, म्हणून चिंगी मदतीला आली होती. ती खाली वाकून पोत्याचं तोंड बांधत राहिली. बांधलेलं सोडून तिने पुन्हा बांधलं. काटा चुकतोय हे तिला नक्की ठाऊक नव्हतं, आणि नक्की ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी पिशव्या माझ्यावर तोलल्या. दोन्ही बरोबर सात! तेवढ्यात शेजारच्या शिंपीणबाई आपला वर उभं राहून वजन करायचा काटा घेऊन आल्या. त्यावर पिशवी आठ किलो भरली.

बाबा हसले. "ताई, तुमचा काटा तुम्हाला तरी कधी पटलाय का?"

"तेही खरंच म्हणा," शिंपीणबाई म्हणाल्या. "रोज याच्यावर चढते आणि रोज यालाच शिव्या घालते."

"माझ्या काट्यावर शिक्का आहे," बाबा म्हणाले आणि विषय संपला. चोराच्या मनात चांदणं. चिंगीने गुपचूप आपल्या पिशवीतला स्वेटर आणि चपला काढल्या. बाबांच्या पिशवीला मात्र तिला हात लावता आला नाही. त्यांनी ती सुतळीने आवळून बांधली होती. आत चित्रं कापून उरलेली ती जुनी मासिकं होती. ज्या जागेचं चित्र कापलं होतं, त्याच जागेवर उभं राहून त्यांना मासिकाचं ते रिकामं पान उघडायचं होतं. वरच्या कप्प्यात मी होतो, परतीच्या तोलासाठी.

विमानतळावरच्या मुलीने बाबांची पिशवी आपल्या काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "काका, आठ भरतात. वजन जास्त होतंय."

"शक्यच नाही," बाबा म्हणाले. त्यांनी मला बाहेर काढलं, पिशवी लटकवली आणि सवयीने माझं तोंड तिच्याकडे फिरवलं. "तुम्हीच वाचा."

तिने सात वाचले. मग तिने पिशवी शेजारच्या टेबलावरच्या काट्यावर ठेवली. आठच. रांगेतले लोक बघू लागले. बाबांनी मला उलटं करून शिक्क्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"बाबा," चिंगी म्हणाली, "मी शिक्का मारून घेतला नव्हता."

"स्प्रिंग तुटली तेव्हापासून?"

"हो."

बाबांनी सुतळी सोडली, मासिकं काढली आणि शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात ठेवली. जन्मात पहिल्यांदा बाबांनी कागद न तोलता टाकला.

प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. एकही बस चुकली नाही. चिंगीच्या बेतात नाव ठेवायला जागाच नव्हती. तटबंदी पाहिली, घड्याळ पाहिलं. बाबा प्रत्येक ठिकाणी ओळखपत्राच्या फोटोसारखे ताठ उभे राहिले. पुलांच्या शहरात ते कठड्याला टेकून म्हणाले, "त्या आजींचे पेपर आपण तेव्हापासून किती वेळा नेले गं?"

चिंगीला रडू फुटलं. "बाबा, मला ओरडा तरी."

"ओरडून वजन भरून येतं का?"

खाली नदी वाहत होती, वर एवढे सुंदर पूल होते, आणि ती दोघं आमच्या गल्ल्या आठवत उभी होती. पिशवीच्या कप्प्यात मला माझीच लाज वाटत होती.

परतल्यावर चिंगीने पुन्हा सुट्टी घेतली, बिनपगारी. मला कार्यालयात नेऊन खरी स्प्रिंग बसवून घेतली, ताडून घेतलं आणि शिक्का मारून घेतला. मग दोघं दारोदार निघाली. बाबा म्हणाले, "मी सांगतो." चिंगी म्हणाली, "नाही, मी." प्रत्येक दारात ती एकच सांगत होती, की काटा कमी दाखवत होता, चूक माझी आहे, बाबांना ठाऊक नव्हतं, तुमची भरपाई पुढच्या वजनात करू. कुणी हसून सोडून दिलं. एक गृहस्थ मात्र "सगळे रद्दीवाले सारखेच" म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाबांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांना कधी ऐकावं लागलं नव्हतं.

शेवटी आजींचं दार आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वय झालं, आता आपल्याला अंदाज येत नाही. तेव्हापासून मी कशाचाच अंदाज सांगत नाही गं. दुकानदार म्हणेल ते खरं, सून फोनवर म्हणेल ते खरं."

पैशाची भरपाई कशी करायची, हे चिंगीने घरून ठरवून आणलं होतं. याची भरपाई काय करायची, ते तिला सुचेना. ती तशीच उंबऱ्याजवळ खाली बसली. मग बाबांनी पोत्यातून एक किलोचं वजन काढून आजींच्या हातात दिलं. "आधी हे लावा आजी. काटा तपासा." आजींनी ते माझ्या आकड्याला अडकवलं. मी बरोबर एक दाखवला.

"आता गठ्ठा हातात घ्या," चिंगी म्हणाली, "आणि काटा बघायच्या आधी तुम्ही सांगा."

आजींनी गठ्ठा उचलला. त्या घाबरल्या होत्या. "सहा?" त्या हळूच म्हणाल्या.

चिंगीने गठ्ठा मला लावला आणि माझं तोंड आजींकडे फिरवलं. सहाच भरले.

तेव्हापासून बाबा प्रत्येक दारात आधी एक किलोचं वजन गिऱ्हाइकाच्या हाती देतात. मीही खरं दाखवतो. तरी कुणी "तुम्हीच वाचा" म्हटलं की माझी छाती आता फुगत नाही. मला आजींचा तो पुसलेला चष्मा आठवतो. मित्रांनो, तुमच्या घरीही असं काही असेल, ज्याच्यावर तुम्ही डोळे झाकून विसंबता. त्याला तेलपाणी करा, आणि अधूनमधून तपासतही जा. आम्हाला त्याचा राग येत नाही. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा आकडा काट्याशी जुळला नाही, तर आधी काटा ताडून बघा.