तापचानाची जागा

आमच्या घरात सगळे आजार गारठ्याने होतात. डोकं दुखलं, गारठा. मूल राहिलं नाही, गारठा. त्यामुळे नवी सून सर्विनोझ लघवीला आग होते म्हणून रडायला लागली, तेव्हा तिच्या सासूला, म्हणजे माझ्या वहिनीला, निदानाला वेळ लागला नाही.

"दगडावर बसली असशील."

"नाही, आई."

"मग अनवाणी फिरली असशील."

पोरीला रजईत गुंडाळलं, कमरेला तापवलेली वीट बांधली. फरगाण्यातला भर उन्हाळा, जर्दाळू झाडावरच सुकत होते. एवढ्या उन्हात गारठा बिचारा आला कुठून, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

मी दादांची विधवा बहीण, याच घरात राहते. नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, नळावर गेले की सगळं अंगण दिसतं. संडास परसात, आणि त्याच वाटेवर द्राक्षांच्या मांडवाखाली दादांचं तापचान, म्हणजे बसायचा मोठा लाकडी चौरंग. त्यावर गाद्या टाकून ते दिवसभर पाहुण्यांबरोबर चहा पितात. सासऱ्यासमोरून पाण्याचा तांब्या घेऊन जाणारी सून आमच्याकडे अजून जन्मायची आहे. सर्विनोझ सगळ्यांना चहा ओतायची, स्वतः घोटभरही घ्यायची नाही, आणि अंधार पडेपर्यंत दाबून धरायची. पाहुणे म्हणायचे, काय वळण आहे पोरीला.

वळण अंगात मुरलं आणि ताप चढला. ती कंबर धरून वाकली, तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं.

"गारठा नाही, मावशी, जंतू आहेत," लघवी तपासून डॉक्टर निगोरा म्हणाली. "बाईची लघवीची वाट आखूड असते. पाणी न पिता धरून ठेवलं की ते वर चढतात. हिच्या मूत्रपिंडापर्यंत पोचलेत. औषध पूर्ण घ्यायचं, पाणी प्यायचं, आणि लागली की जायचं. वरचेवर असं झालं तर मूत्रपिंड कायमचं दुखावेल."

घरी येऊन वहिनीला सांगितलं.

"त्या डॉक्टरणीला अजून लग्न माहीत नाही, ती काय सांगणार?"

"दादांना तापचान हलवायला सांगूया?"

"सुनेच्या लघवीसाठी? सासऱ्याला? गावात तोंड दाखवायचंय आपल्याला."

तोंडाची काळजी रास्तच होती. मूत्रपिंड काही गावाला दिसत नाही.

गोळ्या सुरू झाल्या, पण उशाजवळचा पाण्याचा वाडगा भरलेलाच राहायचा. पोरीची नजर दाराबाहेर, तापचानावर.

खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम. संध्याकाळच्या नमाजानंतर मी दादांजवळ जाऊन बसले.

"दादा, कालव्याकडचा वारा इथे येतो, नाही?"

"येतो ना. बरं वाटतं."

"हो. थेट कमरेलाच लागतो."

दादांचा हात हळूच कमरेवर गेला. पेला खाली ठेवून त्यांनी कालव्याकडे संशयाने पाहिलं.

सकाळी तंदूरमधून रोट्या निघण्याआधीच भाच्यांनी तापचान उचलून घराच्या पुढच्या बाजूला नेलं. कमरेला लोकरी पट्टा आवळून दादा मागून सांगत होते, "सांभाळून रे. गारठ्याशी खेळ नको."

सर्विनोझने दारातून मोकळी वाट पाहिली. वाडगा रिकामा केला, पुन्हा भरून तोही प्यायली. थोड्या वेळाने तांब्या उचलून परसाकडे निघाली.

"बघितलंस?" वहिनी म्हणाली. "वीट लागू पडली."

मी अल्लाचे आभार मानले आणि वीट उचलून जागेवर ठेवली.