बॉनेटवरचा हात

पन्नाशीला आमच्या ह्यांच्या डोक्यात स्पोर्ट्स कार शिरली. मी म्हटलं, "घ्या, पण जुनी. आणि पारखणार मी."

डीलरकडची लाल गाडी आरशासारखी चकाकत होती, वर वर्षाची वॉरंटी. हे लगेच पाघळले. मी बॉनेटवर हात ठेवला, तर तव्यासारखं गरम! आम्ही यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलेलं. थंड असताना ते नखरे करत असणार, नाहीतर एवढी तयारी कशाला? ह्यांना ओढतच बाहेर काढलं.

दुसरी गाडी एक आजी स्वतःच विकत होत्या. तिचं बॉनेट गार होतं. किल्ली फिरवली तशी गाडी दोनदा खोकली, मग छान गुरगुरली.

"सकाळी मीसुद्धा खोकते," आजी म्हणाल्या.

"वॉरंटी?" ह्यांनी विचारलंच.

"गाडी जुनी, मी तिच्याहून जुनी. कसली वॉरंटी?"

मी तिथेच हो म्हटलं. किल्ली देताना आजी हळूच म्हणाल्या, "कधीतरी इकडून न्या. हॉर्न नको, आवाज ओळखेन मी."

आता आम्ही दूध आणायलाही त्यांच्या गल्लीतून जातो. द्राविडी प्राणायाम आहे खरा, पण खिडकीतला पडदा हलतो.