तिसरी हाक

"काड्यापेटी हाय, दोरी हाय, कांदा हाय, तुंब्यात पानी हाय..." तुलारामने थैली दुसऱ्यांदा तपासली, तशी त्याची बायको सखाबाई हसत सुटली.

"पानं तोडाले जाऊन राहिलो का लढाईले?"

मीही हसलो. अठ्ठ्याहत्तर सालचा वैशाख होता. आम्ही शेजारी मिळून बपेऱ्याकडच्या जंगलात तेंदूपानं तोडायला जायचो. तुलारामच्या थैलीची सगळा मोहल्ला टर उडवायचा, पण कुणाला ऊन लागलं की हसणारेच त्याच्याकडे धावायचे. त्याचा एक नियम मात्र आम्ही सगळेच मानायचो. भर दुपारी जंगलात हाक आली, तर तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. भूत आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं, पण दोनदाच.

त्या दिवशी पानं बांधून निघताना सखाबाई म्हणाली, "तुमी व्हा समोर. टेकरावरची पानं घेऊन येतोच मी."

बाकीचे पुढे गेले, आम्ही दोघं नाल्याच्या सावलीत बसलो. ऊन डोक्यावर आलं होतं. इतक्यात मागून हाक आली, "अवोऽऽ!" नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे.

तुलाराम ताडकन उठला. "तिचाच आवाज हाय, केवळराम."

"आवाज तं तिचाच राहीन ना," मी म्हणालो. "तूच सांगतं ना सगळ्यायले? तिसरी येऊ दे."

दुसरी हाक आली, जरा बारीक. त्याने तोंड उघडलं. मी त्याचा हात दाबून धरला. तो खाली बसला.

तिसरी आलीच नाही. एक बिडी संपेल एवढा वेळ आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मग तो पळत सुटला.

सखाबाई मोहाच्या झाडाखाली पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. तुलारामने अख्खा तुंबा तिच्या डोक्यावर ओतला, कांदा फोडून नाकाला लावला. काहीच चुकलं नाही त्याचं. आम्ही तिला खांद्यावर घेऊन निघालो, पण गाव यायच्या आधीच ती गेली.

हात कुणी दाबला, ते तुलारामने कुणालाच सांगितलं नाही. आज मीच सांगतो आहे. मला त्या गोष्टीची फार लाज वाटते.

याला आठ वर्षं झाली. आम्ही अजून पानं तोडायला जातो, त्याची थैलीही तशीच असते. जंगलात कुणीही कुणालाही हाक मारली, तरी पहिली ओ तुलारामची असते.

परवा दुपारी त्याच नाल्यावर बसलो होतो. कुणीच हाक मारली नव्हती. तुलारामने तुंब्याचं बूच काढलं आणि टेकराकडे बघून ओ दिली.

मग मीही दिली.