एक आटा खाली

“खाली नको बघूस गं, खुळे! पाय काय परक्याचा आहे? समोर बघ, समोर!”

हा आवाज आत्याचा. आत्याला जाऊन जमाना झाला, आवाज मात्र कुठे गेला नाही. उजाड मैदानावर मोटरसायकलची सीट मागून धरून धापा टाकत पळणारी आत्या, आणि पुढे हँडलला बिलगून, जीव मुठीत धरून बसलेली दोन वेण्यांची भाची. गिअर पडला की डाव्या पायाच्या अंगठ्याला एक बारीक टिचकी बसायची. कोणी आतून दार वाजवावं तशी. एकदा ती टिचकी ओळखीची झाली आणि भाचीनं पुन्हा खाली बघितलं नाही.

त्या एका टिचकीच्या भरवशावर तिनं पुढचं सगळं आयुष्य काढलं. गल्लोगल्ली शिवणयंत्रं दुरुस्त करत हिंडली. मागे हत्यारांची पेटी, खिशात सुया आणि बॉबिन, तोंडात स्वतःच जुळवलेलं गाणं:

पहिला गं गिअर, सोडी दाराचा आधार
दुसऱ्या गिअरात वारा झाला शेजार

लोक तिला मशीनवाल्या बाई म्हणत. मशीनवाल्या बाईंना आता सून आली होती, केस पांढरे झाले होते, आणि टिचकी बंद पडली होती.

एका संध्याकाळी त्या कोपऱ्यावरून घरी आल्या तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती. कधी निघाली, कुठे राहिली, पायानं काही सांगितलंच नाही. डॉक्टरांनी तळव्याला कापूस लावला, मग सुईचं टोक लावलं, आणि विचारलं, “आता काय लावलं?” त्यांनी कापूस म्हणून सांगितलं. सुई होती. साखरेनं नसा थकल्यात, डॉक्टर म्हणाले. पाय जपा, आणि ती मोटरसायकल आता राहू द्या.

घरी येऊन त्या म्हणाल्या, “काही नाही, गुडघा धरलाय. वाकत नाही म्हणे.”

खरं सांगितलं असतं तर मुलानं त्याच पावली किल्ली काढून घेतली असती. तो आधीपासून मागे लागलेला, आई, बसने जात जा, या वयात कसली फटफट! पण सून निराळी निघाली. सून एका कारखान्यात लेथवर होती. अंगाला कायम तेलाचा वास, नखांत काळं, बोलणं कमी. लग्न होऊन आल्यापासून दोघींचं बोलणं म्हणजे दूध तापवलं का, गिरणीतून पीठ आणलं का, एवढंच. त्या दिवशी मात्र ती मोटरसायकलसमोर उकिडवी बसली, मान वाकडी करून फुटरेस्टकडे बघत राहिली आणि म्हणाली,

“अहो आई, गुडघा वाकत नाही ना? मग त्याला कशाला वाकवायचं? फुटरेस्टच पुढे आणू की.”

आणि दोघींच्या रविवारच्या दुपारी सुरू झाल्या.

घरासमोर पत्र्याच्या सावलीत मोटरसायकल डबल स्टँडवर उभी असायची. मागचं चाक जमिनीवर चार बोटं तरंगत. सुनेनं जाड पट्टी कापली, कानशीनं कडा मारल्या, जुन्या फुटरेस्टच्याच भोकांत ती बोल्टनं कसली आणि नवा फुटरेस्ट पुढे नि खाली नेला. आता गिअरचा लिव्हरही पुढे यायला हवा. तो पुढे आला की त्याला मागच्या गिअरपेटीशी जोडणारी दांडी लांब हवी. ती तिनं कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातून आणली. एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे.

“म्हणजे दांडी जागेवरच फिरवली की लिव्हर वर-खाली होतो,” सून म्हणाली. “सोडायची गरज नाही.”

“शिवणयंत्राचा ताण असाच असतो गं! चकती जराशी फिरवली की टाका बदलतो.”

“मग सांगा. टाका कसा हवाय?”

“एक आटा खाली.”

मग दुसऱ्या रविवारी अर्धा आटा वर. तिसऱ्या रविवारी, नको, होता तोच बरा होता. मुलगा खिडकीतून म्हणायचा, “लिव्हर बसवताय की लग्न जमवताय?” सून म्हणायची, “लग्न एवढं पारखून केलं असतं तर तुम्ही सापडला नसतात.” मशीनवाल्या बाईंना हसता हसता ठसका लागायचा.

त्यांना ठाऊक होतं, लिव्हर पहिल्याच दिवशी नेमका बसला होता. पण ते म्हटलं की पाना पेटीत जाणार, सून आत जाणार, आणि दोघींमध्ये पुन्हा दूध आणि पीठ उरणार. शिवाय मनात एक वेडी आशा होती. न जाणो, एखाद्या आट्यावर टिचकी परत येईल. म्हणून त्या सीटवर बसून सांगत राहायच्या, किंचित वर गं, केसभर खाली, आणि सून दांडीला जखडणारे चेकनट सैल करायची, दांडी फिरवायची, पुन्हा कसायची. एकदाही कंटाळली नाही.

काम थांबलं की त्या डोळे मिटायच्या. सून हातानं मागचं चाक फिरवायची, साखळी कुरकुरायची, आणि पत्र्याची सावली हळूहळू मागे सरकू लागायची. वाळत घातलेले कपडे शिडासारखे फुगायचे. घर मागे राहायचं. जुने रस्ते एकेक करून समोर यायचे, कुठल्या दारात पायडलचं यंत्र, कुठल्या माडीवर काजं करणारी बाई. सगळी दारं उघडी, सगळी यंत्रं टकटक चालू, आणि त्यांच्या अंगात वजनच नाही. खालून सुनेचा आवाज यायचा, जणू पाण्यातून, “कुठवर पोचलात?” आणि त्या म्हणायच्या, “नदी ओलांडली. तुझ्यासाठी थांबू का?”

अशीच एक दुपार. सून पायरीवर पाठमोरी बसून काही घासत होती. कानशीचा एकसुरी आवाज चालला होता. मशीनवाल्या बाई सीटवर चढल्या, पाय पुढे टाकला, नजर समोरच्या भिंतीवर ठेवली. लिव्हर दाबला. उचलला. पुन्हा दाबला. मन प्रसन्न झालं. आज सांगूनच टाकावं, झालं म्हणून. पोरीनं किती राबायचं?

“बसला गं, बसला! लोण्यात सुरी फिरावी तसा गिअर पडतोय बघ!”

कानस थांबली. सून वळली. तिच्या हातात गिअरची दांडी होती.

दोघींनी त्या दांडीकडे बघितलं. मग मशीनवाल्या बाईंनी खाली बघितलं. लिव्हर मोकळाच लोंबकळत होता. कशालाच जोडलेला नव्हता.

“चेष्टा केली,” त्या म्हणाल्या. “तुझं लक्ष आहे का बघत होते.”

सुनेनं दांडीवरचा कीस फुंकला. मग हसली. “बरी आहात! मला वाटलं, माझ्याशिवायच गिअर पडायला लागले.” तिनं दांडी जोडली, पिन घातली, पक्कडीनं पिनेचे पाय फाकवले, चेकनट आवळले, दोन थेंब तेल सोडलं. चिंधीनं हात पुसत उभी राहिली.

“चला आई. आज गल्लीच्या टोकापर्यंत. मी मागे बसते.”

“तू कशाला? मी एकटी जाते की.”

“वा! एवढे रविवार चाक मी फिरवलं, आणि फिरायला तुम्ही एकट्या?”

खिडकीतून मुलगा ओरडला, “हेल्मेट घाला दोघी!” आणि आता नाही म्हणायला काही कारणच उरलं नाही.

मोटरसायकल स्टँडवरून उतरली. चाक जमिनीला टेकलं. कळ दाबली, इंजिन जागं झालं. सून मागे बसली. तिनं दोन्ही हात त्यांच्या कमरेभोवती घातले आणि हनुवटी खांद्यावर ठेवली. असं ती पहिल्यांदाच इतकी जवळ आली होती. तेलाचा वास आला, आणि तो आता घरचा वाटला.

“सोडा आता घोडं!” कानाशी आवाज आला.

गल्ली समोर पसरली होती, उन्हात पेंगलेली. एक सायकल भिंतीला टेकलेली. पुढे वळण, वळणापलीकडे काय ते दिसत नव्हतं. एकटी असते तर गेले असते, त्यांच्या मनात आलं. पडले असते तर माझी मी. क्लच दाबला. पाय खाली गेला की नाही? त्यांनी खाली बघितलं. पाय फुटरेस्टच्या कडेवरून घसरून बाहेर लोंबत होता, आणि त्यांना तो व्यवस्थित जागेवर आहे असंच वाटत होतं.

कमरेभोवतीचे हात निवांत होते. त्या हातांना काही माहीत नव्हतं.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन विझलं. गल्लीत एकदम शांतता झाली.

“काय झालं? खूप खाली वाटतोय का?” सून विचारत होती. “अर्धा आटा वर घेऊ?”

“उतर बाळा.”

“अहो, दोन मिनिटांचं काम आहे, पाना इथंच—”

“नको गं. लिव्हर पहिल्या दिवसापासून बरोबर आहे.” त्यांनी सुनेचा काळा हात आपल्या कमरेवरून सोडवला, पण हातातून सोडला नाही. “गुडघ्याला काही झालेलं नाही माझ्या. पाऊल बधिर झालंय. खाली लिव्हर आहे की दगड, मला कळत नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, गाडी सोडा म्हणून. मी तुला सांगितलं नाही, कारण मग तू रविवारी माझ्याजवळ बसली नसतीस.”